घर विकायला काढण्याआधी पाण्याची बारीक कामं: काय करावं, कोणत्या क्रमानं, काय सोडून द्यावं

गोदाकाठ

घर विकायचं ठरलं की बहुतेक जण आधी रंगारी बोलावतात. इथंच क्रम चुकतो. आधी पाणी थांबवायचं, मग भिंत वाळू द्यायची, मग प्लास्टर, आणि रंग सगळ्यात शेवटी. आपल्याकडं घर बघायला आलेला माणूस खोल्या मोजायच्या आधी विचारतो, "नळ कितव्या दिवशी येतो? बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का?" मग तो नळ सोडून बघतो, फ्लश दाबतो आणि बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर हात फिरवतो. ओल हाताला लागली की किंमत पाडायला निमित्त मिळतं. वायसरची गळती आणि स्लॅबची गळती यातला फरक त्याला कळत नसतो, त्यामुळं तो मोठ्या कामाचा अंदाज धरून पैसे कमी करतो.

हा धागा मिस्त्री-प्लंबरच्या आवाक्यातल्या कामांसाठी. स्लॅबची सळई उघडी पडली असेल, कॉलमला तडे असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पहिलं काम गळती आहे की नाही ते ठरवणं. मीटर नसलेल्या घरात टाकीच मीटर म्हणून वापरायची:

रात्री टाकी भरून घ्या. टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. आत पट्टी धरून पातळी मोजा, लिहून ठेवा. सकाळी परत मोजा. व्हॉल्व्ह बंद असताना पातळी उतरली तर टाकी, तिची निप्पल किंवा तो व्हॉल्व्हच गळतोय. उतरली नाही तर दुसऱ्या रात्री व्हॉल्व्ह चालू ठेवून घरातले सगळे नळ बंद करा आणि पुन्हा मोजा. आता उतरली तर गळती घरातल्या लाइनीत किंवा फ्लशमध्ये. तिसऱ्या रात्री फ्लशच्या टाक्यांचे अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून टाकीला पाणी देणारे छोटे कॉक, तेवढे बंद ठेवा. पातळी जागेवर राहिली तर चोर फ्लशच.

हजार लिटरच्या उभ्या प्लास्टिक टाकीचा व्यास साधारण १.१ मीटर असतो. म्हणजे १ सेंमी पातळी उतरली की साडेनऊ लिटर पाणी गेलं. थेंब थेंब गळणाऱ्या नळाखाली १० मिनिटं भांडं ठेवा, जमलेलं पाणी मोजून १४४ नं गुणा, दिवसाचा हिशोब निघतो. १० मिनिटांत १०० मिली जमलं तर दिवसाला १४.४ लिटर. रोज नळ न येणाऱ्या गावात हा आकडा कुणालाही लगेच पटतो.

पाना_पक्कड

चांगला धागा. नळांचं मी लिहितो.

जुना फिरवायचा नळ गळत असेल तर नवीन नळ घ्यायची घाई नको. व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून लाइनीतलं पाणी जाऊ द्या, मुठीचा स्क्रू काढा, मग पान्यानं वरचं डोकं सोडवा. खाली वायसर दिसेल. अर्धा इंची नळाला १५ मिमीचं वायसर लागतं. ते बदलण्याआधी बोट आत घालून सीट तपासा, म्हणजे वायसर जिथं बसतं ती पितळी कड. कडेला खाच पडली असेल तर नवं वायसर थोड्याच दिवसांत कापलं जाणार. सीट घासून सपाट करायचं हत्यार प्लंबरकडं असतं. खाच खोल असेल तर नळच बदलावा.

पाव वळणाच्या नळात वायसर नसतं, सिरॅमिक चकत्यांचं कार्ट्रिज असतं. त्यात वाळूचा कण अडकला की चकतीवर ओरखडा पडतो आणि थेंब सुरू होतो. हे कार्ट्रिज दुरुस्त होत नाही, बदलावंच लागतं. दुकानात जाताना जुनं सोबत न्या, कारण दांड्याची उंची आणि दातांची संख्या कंपनीगणिक वेगळी. मुठीखालून पाणी येत असेल तर आधी ग्लँडचा, म्हणजे दांड्याभोवतीचा, नट पाव फेरा आवळून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर थांबतं.

टेफ्लॉन टेप आट्याच्या दिशेनंच गुंडाळा, म्हणजे आटे तुमच्याकडं करून घड्याळाच्या काट्यासारखं. उलटी गुंडाळलेली टेप घट्ट करताना गोळा होऊन बाहेर येते. पितळी आट्याला ८ ते १० फेरे पुरतात. प्लास्टिकच्या आतल्या आट्यात जाड टेप लावून जोर केला तर फिटिंग तिथल्या तिथं चिरतं, कधी कधी चार दिवसांनी चिरतं, तेही भिंतीच्या आत. म्हणून नळाच्या तोंडाशी पितळी आट्याचंच सीपीव्हीसी (प्लास्टिक पायपेचं) फिटिंग वापरावं. जुन्या जीआय, म्हणजे लोखंडी, लाइनीला सुतळी आणि सफेदा आजही उत्तम.

आणखी एक. बेसिन, सिंक आणि कमोडच्या कनेक्शन पायपा बघा. वरची जाळी गंजलेली किंवा नटाजवळ फुगलेली दिसली तर सगळ्या एकदमच बदला. अँगल कॉक वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळं जाम झालेले असतात, ते पक्कडीनं जबरदस्ती फिरवू नका. आट्यातून तुटला तर तुकडा भिंतीत राहतो आणि टाइल फोडायची पाळी येते. आधी वरून पाणी बंद करा, गंज सोडवायचं तेल टाका, तासभर थांबा.

मांजरातीर

फ्लशची चाचणी सोपी आहे. टाकीत खायचा रंग चिमूटभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळातलं वायसर गळायलंय. बोअरच्या पाण्यात वायसर चांगलं असलं तरी बसायच्या कडेवर क्षार साचतो, म्हणून आधी ती कड घासून घ्या, मगच नवं वायसर आणा. दुसरं कारण फ्लोट. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून २० ते २५ मिमी खाली राहील असा तो बसवायचा. वरून वाहणारं पाणी दिसत नाही, आवाजही बारीक असतो, पण टाकी रात्रीत रिकामी करतं.

सिडको_रोहाऊस

बाथरूमच्या पाठच्या भिंतीला, बेडरूमच्या बाजूनं, जमिनीपासून दोन फुटांपर्यंत ओल आहे. पोपडे निघालेत, पांढरी भुकटी येते. रंगारी म्हणतो, ओल-रोधक रंगाचे दोन हात मारू, वर्षभर काही दिसणार नाही. घर दिवाळीनंतर दाखवायचं आहे. तेवढं पुरेल का?

बालाघाट

ताई, रंग मारू नका आणि प्लास्टरही आत्ताच खरवडू नका. ओल कुठून यायली ते कळल्याबगर हात लावला तर खुणा पुसल्या जातात आणि मग शोधणं अवघड होतं. वरून बंद केलेली ओल बसून राहत नाही, ती विटेतून बाजूला सरकते आणि रंगाच्या पट्ट्याच्या वर नवीन रेघ उमटते. सुताराचं काम केलेलं कपाट असेल तर त्याच्या पाठीत निघते.

आधी आठवडाभर निरीक्षण करा.

बाथरूम वापरा न वापरा, ओल सारखीच राहत असेल तर दाबाची लाइन गळायली, म्हणजे भिंतीतली नळाची पाइप. अंघोळीनंतर वाढत असेल आणि चार दिवस बाथरूम बंद ठेवल्यावर कमी होत असेल तर सांडपाण्याची बाजू: न्हाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं), टाइलच्या फटी किंवा बेसिनची वेस्ट पाइप. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. आणि बाथरूमशी संबंध नसलेल्या भिंतींनाही जमिनीपासून सारख्या उंचीवर पट्टा असेल तर जमिनीतली ओल वर चढायली.

पहिल्या दोन शक्यता वेगळ्या करायला बाथरूमची लाइन तीन-चार दिवस चालू ठेवा पण एक थेंब सांडू नका. त्यानंतर न्हाणीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट बसवून फरशीवर २५ मिमी पाणी २४ तास उभं करा. पाण्यात थोडा रंग टाका. पातळी उतरली आणि पलीकडं ओल वाढली तर फरशीच्या फटी. फरशी पाणी धरून राहिली पण बोळा काढून बादलीभर पाणी सोडल्यावर ओल वाढली तर ट्रॅप किंवा त्याचा जोड.

एपॉक्सी_हात

बालाघाट यांनी सांगितलेल्या चाचणीत फटी निघाल्या तर टाइल फोडायची गरज नाही. फटीतलं जुनं सिमेंट खरवडणीनं टाइलच्या जाडीच्या निदान दोन-तृतीयांश खोलीपर्यंत काढा. नुसतं वरून भरलेलं ग्राउट, म्हणजे फटी भरायचा मसाला, पापुद्र्यासारखं निघतं. व्हॅक्यूमनं किंवा ब्रशनं धूळ काढा, एक-दोन दिवस कोरडं राहू द्या. मग एपॉक्सी ग्राउट.

राळ, हार्डनर आणि भुकटी डब्यावर लिहिलेल्या मापातच मिसळा, अंदाजानं नको. एका वेळी अर्धा किलोच कालवा, कारण मे महिन्यात आपल्याकडं मिश्रण डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या खूप आधी ताठरतं. सकाळी सहा ते नऊ ही वेळ चांगली. रबरी पट्टीनं तिरकं ओढून फट भरा, ओल्या स्पंजनं लगेच पुसा. वाळल्यावर टाइलवर राहिलेला थर काढणं फार त्रासाचं. २४ तास पाणी नको, पूर्ण घट्ट व्हायला सात दिवस.

खरी गळती बहुतेक वेळा न्हाणीच्या जाळीखाली असते. जाळी उचला. ट्रॅपचं तोंड आणि फरशी यांच्यामध्ये फट असते, तिथं नुसतं सिमेंट भरलेलं असतं आणि ते सुटलेलं असतं. ते कोरून काढा, न आकसणारं ग्राउट किंवा पॉलिमर मिसळलेलं मॉर्टर भरा, वरून एपॉक्सी. अख्ख्या बाथरूमच्या फटी भरून हा जोड सोडला तर सगळी मेहनत वाया.

बालाघाट

आता वाळवण. यालाच सगळे घाई करायलेत.

स्रोत बंद झाल्यावर ओलं प्लास्टर, ओलीच्या कडेपासून आणखी एक फूट पुढपर्यंत, विटेपर्यंत काढा. विटेवरचा पांढरा क्षार कोरड्या तारेच्या ब्रशनं झाडा आणि सुपलीत गोळा करून बाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका, क्षार विरघळून परत विटेत जातो. मग भिंत उघडी ठेवा, खिडकी उघडी, पंखा चालू. एका विटेची, म्हणजे नऊ इंची भिंत थंड-दमट हवेत महिनोनमहिने वाळत नाही. आपल्या एप्रिल-मेच्या झळांमध्ये ती खूप लवकर वाळते. मराठवाड्यात हे काम होळीनंतर काढावं आणि मृगाच्या आत संपवावं, हेच शहाणपणाचं. ताईंचं घर दिवाळीनंतर दाखवायचं आहे, म्हणजे प्लास्टर याच उन्हाळ्यात व्हायला पाहिजे. पावसाळ्यात उघडलं तर ते दिवाळीपर्यंत वाळायचं नाही.

वाळली की नाही ते असं बघा. एक-दीड फुटाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून २४ तास ठेवा. आतून दव दिसलं तर भिंत अजून ओली. बाहेरून दव असेल तर खोलीतली हवा दमट, भिंतीचा दोष नाही.

मग १:४ प्लास्टर, ५० किलोच्या सिमेंटच्या पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव. सात दिवस पाणी मारायचं. त्यानंतर दोन-तीन आठवडे तसंच सोडा, परत प्लास्टिकची चाचणी, मग पुट्टी आणि रंग. खालच्या दोन फुटांना जिप्सम किंवा पीओपी अजिबात नको.

काळीमाती

जमिनीतून वर चढणाऱ्या ओलीबद्दल. आपल्या भागात काळ्या मातीवरच्या घरांना दुहेरी त्रास. माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीलगत बोटभर भेग पडते. पहिल्याच पावसाचं पाणी त्या भेगेतून थेट पायाकडं जातं. याच हालचालीत जमिनीखालच्या पायपांचे जोड सुटतात. भिंतीत शिरतानाची जागा सगळ्यात नाजूक, कारण तिथं पाइप सिमेंटात पक्की आवळलेली असते आणि बाहेरची माती तिला ओढते.

उपाय साधे आहेत. कुंड्या, फुलझाडांचा वाफा, टाकलेली माती जोत्याच्या वर आली असेल तर ती निदान ६ इंच जोत्याखाली उतरवा. बाहेरची धुण्याची मोरी भिंतीला खेटून असेल तर तिचं पाणी दूर न्या. घराभोवती अडीच-तीन फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार असलेला सिमेंटचा पट्टा करा. पुरलेली पाइप बदलायची असेल तर खाली-वर चार-चार इंच मुरूम किंवा वाळू, आणि भिंतीतून जाताना एक माप मोठ्या पायपेचं कवच, मधल्या फटीत लवचिक सीलंट.

नाथसागर

दाब कमी येतो ही तक्रारही बघायला येणारे हमखास काढतात. पंप बसवण्याआधी हे बघा.

बादलीची चाचणी करा. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली तर मिनिटाला १० लिटर, अर्धा इंची नळाला हे चांगलं. एकाच नळाला कमी येत असेल तर त्याची जाळी काढा. ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, एक लिटर गरम पाण्यात विरघळवून जाळी आणि शॉवरचं तोंड तासभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. संडास साफ करायचं ॲसिड क्रोमच्या नळांना आणि संगमरवराला लावू नका, कायमचे डाग पडतात. आणि ते ब्लीचिंग पावडरीत कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

अख्ख्या मजल्याला कमी येत असेल तर टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह तपासा. चाक फिरतं पण आतली पाटी दांड्यापासून सुटून निम्म्यात अडकलेली असते. तिथं बॉल व्हॉल्व्ह बसवा.

टाकी पूर्ण रिकामी होऊन परत भरल्यावर काही नळांना पाणीच येत नसेल तर लाइनीत हवा अडकली आहे. नळ रोज न येणाऱ्या गावात हे नेहमीचं. टाकीच्या आउटलेटला, व्हॉल्व्हच्या पुढं, एक हवेची नळी हवी. तिचं तोंड टाकीच्या भरलेल्या पातळीच्या वर, खाली वळवलेलं आणि जाळी लावलेलं. काम तासाभराचं, पण बऱ्याच घरांत केलेलंच नसतं.

वरच्या मजल्यावर शॉवरला दाब नसणं हा बिघाड नसतो. १० मीटर उंचीच्या पाण्याला साधारण १ बार दाब मिळतो. टाकी शॉवरपासून दोन मीटर वर असेल तर ०.२ बारच मिळणार. तसं सरळ सांगा.

नळपाणी

एक गोष्ट कुणी लिहिली नाही. सार्वजनिक नळाला थेट मोटर जोडली असेल तर घर दाखवायच्या आधी काढून टाका. ते बेकायदा आहे आणि धोक्याचंही. मोटर लाइनीत निर्वात करते, आणि फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. नळाचं पाणी आपल्या दाबानं हौदात पडू द्यावं आणि हौदातून मोटरनं वर चढवावं.

हौदाचा बॉल कॉक नळ आलेल्या दिवशीच तपासता येतो. हौद भरल्यावर पाणी पूर्ण थांबतं का ते बघा. थांबत नसेल तर ओव्हरफ्लो बहुधा जमिनीत कुठं तरी मुरत असतो. ओव्हरफ्लोचं तोंड नेहमी दिसेल अशा जागी काढावं.

हौदाची पातळीही रात्रभर मोजा. २ मीटर बाय १.५ मीटरच्या हौदात १ सेंमी म्हणजे ३० लिटर. पातळी वाढत असेल तर ते जास्त गंभीर. बाहेरचं पाणी आत यायलंय, आणि जवळ सेप्टिक टँक किंवा ड्रेनेजची लाइन असेल तर ते पाणी पिणं ताबडतोब थांबवा.

मांजरातीर

हौद आणि टाकी धुण्याबद्दल. तळातला गाळ काढून घासून घ्या, भरा, मग हजार लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. २५ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर यानं लिटरला ५० मिलिग्रॅमची मात्रा होते. पावडर आधी बादलीत कालवा, निवळ वरचं पाणीच ओता, खाली बसलेला चुना टाकून द्या. क्लोरीनचा वास येईपर्यंत सगळे नळ सोडा, बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी सगळं काढून टाका आणि दोनदा धुवा. हे पाणी झाडांना घालू नका.

हौदात एकट्यानं उतरू नका. झाकण बराच वेळ आधी उघडा, वर एक माणूस उभा ठेवा, आणि पेट्रोल-डिझेलचा पंप आत कधीही चालवू नका. बंद हौदात माणसं गुदमरून जातात, यात हयगय नको.

बालाघाट

गच्ची थोडक्यात. दोष शोधायच्या जागा तीन: कोब्यावरच्या बारीक भेगा, भिंत आणि गच्ची यांच्या सांध्यातला वाटा (तिथली सिमेंटची गोलाई), आणि पन्हळीचं तोंड. चौथी जागा टाकीखालची, जिथं ओव्हरफ्लोनं स्लॅब कायम ओला असतो. पन्हळी बंद करून २ इंच पाणी ४८ तास उभं करा, खाली छत बघा. भेग इंग्रजी व्ही आकारात १० मिमी कोरा, पॉलिमर मॉर्टर भरा, वर जाळीसह लवचिक कोटिंगचे दोन हात. तापलेल्या गच्चीवर कोटिंगला फोड येतात, म्हणून संध्याकाळी मारा. परतीच्या पावसापर्यंत थांबून एकदा छत बघता आलं तर उत्तम.

अंबाजोगाईकर

गावातल्या जुन्या वाड्याला माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत, आहे. पाणी एका खणात ठिबकतं. वरून सिमेंटचा कोबा घालून विकायला काढावा का?

काळीमाती

नको दादा. कोब्याचं वजन जुन्या तुळयांवर येतं, आणि आत अडकलेल्या ओलीनं लाकूड कुजतं, वरून मात्र काही दिसत नाही. त्या खणावरची माती उकरून खालच्या फळ्या-किलच्या बघा, कुजलेल्या बदला, परत पांढरी माती ठोकून बसवा, उतार पन्हळीकडं ठेवा, वरचं गवत मुळासकट काढा. बाकी ज्याला वाडा घ्यायचा आहे त्याला माळवद आहे हे माहीतच असतं.

दख्खनपठार

बोअरचं लिहितो, कारण शेवटी किंमत त्यावरच ठरते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, हे कुणी विसरलेलं नाही. "बोअरला भरपूर पाणी" या वाक्याला आज कुणी मोल देत नाही, मोजलेला आकडा द्या.

मे महिन्यात मोटर लावून हजार लिटरची टाकी किती मिनिटांत भरते ते मोजा. २० मिनिटांत भरली तर तासाला ३ हजार लिटर. मग मोटर चालू ठेवा आणि धार तुटायला किती वेळ लागतो तेही लिहा. तारखेसकट. बेसाल्टच्या भेगांमधलं पाणी असल्यामुळं सप्टेंबरचा आकडा आणि मेचा आकडा यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं, म्हणून मेचाच सांगा. सोबत खोली, केसिंग (बोअरच्या तोंडाशी घातलेली पाइप) किती फूट, मोटर किती एचपीची आणि किती फुटांवर सोडली आहे.

पाण्याची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत करता येते. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक केलेली घ्या. अहवाल वाचताना आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची मर्यादा धरा: विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, दुसरा स्रोतच नसेल तर २०००, कठीणपणा २००, दुसरा स्रोत नसेल तर ६००, फ्लोराइड १, जास्तीत जास्त १.५; नायट्रेट ४५, यात सूट नाही. वस्तीतल्या बोअरला नायट्रेट जास्त निघालं तर आधी शोषखड्डा किती लांब आहे ते बघा.

सॉफ्टनर बसवला असेल तर तो क्षार कमी करत नाही, फक्त कठीणपणा काढतो, त्याबद्दल खोटी आशा दाखवू नका.

सरळ_हिशोब

हे सगळं ठीक, पण घेणारा बाथरूम फोडून नवंच करणार आहे. खर्च कशाला? पन्नास हजार कमी घ्या आणि मोकळे व्हा.

गोदाकाठ

निम्मं बरोबर. नव्या टाइल्स, नवे शॉवर, महागडे नळ यावर पैसे घालू नका, घेणाऱ्याची आवड वेगळी असते. पण गळती थांबवणं वेगळं. वायसर, कार्ट्रिज, ट्रॅपचा जोड, हवेची नळी यांचा खर्च बाथरूम नव्यानं करण्याच्या मानानं किरकोळ आहे, आणि गळती सुरू असलेल्या घरात तुम्ही सांगितलेली सूट ही शेवटची सूट नसते. मिस्त्रीला घेऊन आलेला माणूस परत मागतो.

आणि जे दुरुस्त केलं नाही ते सांगावंच लागतं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. रंगाखाली दाबलेली ओल नेमकी यातच बसते. म्हणूनही त्या रंगाऱ्याचं ऐकू नका. विक्रीच्या तारखेपर्यंतची सार्वजनिक देणी विकणाऱ्याची, हेही त्याच कलमात आहे, तेव्हा पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या. नळजोडणी कुणाच्या नावावर आहे ते आत्ताच बघा. आजोबांच्या नावावर असेल तर नाव बदलायला वेळ जातो. दुसरी जोडणी अनधिकृत असेल तर नियमित करा किंवा बंद करा.

तिसरा_मजला

फ्लॅटमध्ये आमच्या छताला वरच्यांच्या बाथरूमची ओल आहे. दुरुस्ती कुणी करायची?

नळपाणी

गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती आणि बाहेरच्या सामाईक पाणी-ड्रेनेज लाइनीची गळती संस्थेच्या खर्चानं. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूम-सिंकमुळं होणारी गळती त्या सदस्याच्या खर्चानं. वर बालाघाट यांनी दिलेली २४ तासांची चाचणी वरच्यांच्या बाथरूममध्ये, संस्थेच्या सचिवांसमोर करा, फोटो काढा, लेखी अर्ज द्या. वरचं काम झाल्याशिवाय तुमच्या छताला हात लावू नका.

सिडको_रोहाऊस

चाचणी केली. फरशीवरचं पाणी २४ तास जागेवर राहिलं. बोळा काढून बादली सोडल्यावर दुसऱ्या दिवशी ओल वाढली. म्हणजे ट्रॅप ना?

एपॉक्सी_हात

हो, ट्रॅप किंवा त्याच्या लगतचा जोड. जाळी काढून तोंडाची फट आधी भरा, सात दिवस थांबून बादलीची चाचणी परत करा. तरीही ओल वाढली तर ट्रॅपखालचा जोड सुटलाय. तेव्हा ट्रॅपभोवतीच्या चार टाइल काढाव्या लागतील, अख्खी फरशी नाही. त्या चौकोनात नवीन ट्रॅप बसवून वॉटरप्रूफिंगचा थर जुन्या थरावर निदान चार इंच चढवून घ्या आणि टाइल लावण्याआधी २४ तास पाणी उभं करून बघा. मिस्त्री टाइल लावून मोकळा व्हायला बघतो, त्याला या चाचणीपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. त्याच आकाराच्या टाइल आता मिळत नसतील तर चारही टाइल एकाच वेगळ्या रंगाच्या लावा, ठिगळ दिसत नाही.

पाना_पक्कड

आणि ट्रॅप उघडल्यावर गीझरची लाइनही बघून घ्या, कारण त्याच भिंतीत असते. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडणं ठीक आहे, थंड असतानाही पडत असेल तर तो बदला. त्या व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच कधीच मारू नका. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरची मॅग्नेशियमची कांडी (टाकी गंजू नये म्हणून आत असते ती) काढून बघा, तारेपर्यंत झिजली असेल तर नवी टाका. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते वायरमनकडून त्याच दिवशी तपासून घ्या.

सिडको_रोहाऊस

सोमवारी जाळी उघडते. फट भरल्यावर सात दिवसांनी बादलीच्या चाचणीचं इथंच लिहिते.